पाण्याच्या पडद्यावर फिरणारा पाषाणगोल

जड वस्तू पाण्यात बुडते व हलकी वस्तू तरते, हे ज्ञान मनुष्यास शाळेत जाण्यापूर्वीच होते. तांदूळ निवडणारी गृहिणी पाण्यावर आलेले पोल दाणे काढून टाकते आणि तळाशी बसलेला भरीव दाणा ठेवते. असे असता चौदा क्विंटल वजनाचा ग्रॅनाइटचा गोळा पाण्यावर अधांतरी राहतो आणि पाच वर्षांच्या बालकाने हात लावताच गरगर फिरू लागतो, असे कोणी सांगितले तर ऐकणाऱ्याने हसावे हे साहजिक होय. परंतु ही कल्पित कथा नव्हे. जगातील अनेक उद्यानांत, विज्ञानमंदिरांत व मोठमोठ्या इमारतींच्या प्रांगणांत असे पाषाणगोल आज फिरत आहेत.

आपल्या संघाच्या वास्तूच्या अंगणात असेच एक कारंजे बसवावे, अशी सूचना काही उत्साही सभासदांनी मांडली आहे. सूचना स्तुत्य आहे. मात्र जी वस्तू विकत घ्यावयाची तिचा गुण, तिचा खर्च आणि तिचा दोष हे तिन्ही आधी पारखावेत, ही व्यापाऱ्याची रीत आहे. शिवाय आपण जैन आहोत. पाण्याचा प्रश्न आला की आपणांस केवळ पैशाचा हिशेब करून भागत नाही. म्हणून या कारंज्याचे मर्म काय, आणि ते आपल्या अंगणात शोभेल की नाही, याविषयी आम्हांस जे सांगावयाचे आहे ते या स्मरणिकेच्या द्वारे सभासदांपुढे ठेवीत आहोत.

कारंज्याचे स्वरूप

या कारंज्यास पाश्चात्त्य देशांत ‘कूगेल’ म्हणतात. हा जर्मन शब्द असून त्याचा अर्थ ‘गोळा’ एवढाच आहे. रचना पाहू गेल्यास दोनच मुख्य अंगे दिसतात. एक, तंतोतंत गोल केलेला व आरशाप्रमाणे झिलई दिलेला दगडाचा गोळा; आणि दुसरे, त्याच्याखालचे दगडाचेच बैठे आसन. या आसनाच्या माथ्यावर गोळ्याच्या वक्रतेशी बरोबर जुळेल अशी उथळ वाटी कोरलेली असते. वाटीच्या तळाशी छिद्र असते व त्यातून पंपाच्या साहाय्याने पाणी वर ढकलले जाते. हे पाणी गोळा आणि वाटी यांच्यामधील फटीतून चोहोबाजूंनी पसरते, वाटीच्या काठावरून पातळ धारेने खाली उतरते, खालच्या टाकीत जमते आणि पुन्हा पंपाकडे जाते. पाणी उंच उडत नाही, तुषार नाहीत, गर्जना नाही. पाहणाऱ्यास दिसतो तो फक्त ओला चकचकीत गोळा, संथपणे स्वतःभोवती फिरणारा. पुष्कळ ठिकाणी गोळ्यावर पृथ्वीचा नकाशा कोरतात, म्हणजे मुलांना भूगोल हातांनी फिरवून पाहता येतो.

दगड तरतो काय?

प्रथम एक समजूत दूर करणे अवश्य आहे. हा गोळा पाण्यावर ‘तरतो’ असे सर्रास म्हटले जाते, पण ते खरे नव्हे. तरण्याचा नियम ग्रीक पंडित आर्किमिडीज याने सांगितला तो असा की, पाण्यात बुडालेल्या वस्तूस तिने बाजूस सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका आधार मिळतो. आता एक मीटर व्यासाचा ग्रॅनाइटचा गोळा घेऊ. त्याचे घनफळ सुमारे ५२४ लिटर भरते. ग्रॅनाइट पाण्याच्या सुमारे पावणेतीन पट जड असल्यामुळे गोळ्याचे वजन १४४० किलो, म्हणजे १४ क्विंटल ४० किलो झाले. हा गोळा विहिरीत पूर्ण बुडविला तरी पाण्याचा आधार ५२४ किलोंचाच मिळणार. उरलेले ९१६ किलो त्यास तळाशी नेणारच. कारंज्यात तर गोळ्याचा बहुतेक भाग हवेतच असतो, केवळ बूड पाण्यास लागलेले असते. तेव्हा आर्किमिडीजच्या नियमाने हा हिशेब सुटत नाही.

मग भार कोण उचलतो?

भार उचलतो तो पाण्याचा दाब. ज्यांनी सरकी काढलेल्या कापसाच्या गासड्या बांधणारा प्रेस पाहिला आहे त्यांस हे समजण्यास कठीण जाणार नाही. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा याने १७९५ साली पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राचे हक्क घेतले. त्याचेच वंशज म्हणजे हे प्रेस. त्यांचे तत्त्व असे की, कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखा पोहोचतो. दाब थोडा असला तरी तो ज्या क्षेत्रावर पडतो ते क्षेत्र मोठे असेल तर एकूण बल प्रचंड होते. फ्रान्सचा तत्त्ववेत्ता पास्कल याने सतराव्या शतकात हा नियम सांगितला.

हा नियम आपल्या गोळ्यास लावून पाहू. समजा, वाटीच्या तोंडाचा व्यास ५० सेंटिमीटर आहे. अशी वाटी मध्यभागी पावणेसात सेंटिमीटरही खोल भरत नाही. म्हणजे ती ताटाप्रमाणे उथळच असते. तिच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे १९६३ चौरस सेंटिमीटर होते. १४४० किलोंचा भार या क्षेत्रावर वाटला असता दर चौरस सेंटिमीटरला पाऊण किलोहूनही किंचित कमीच येतो. मोटारगाडीच्या चाकात आपण हवा भरतो तिचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दोन किलोंच्या आसपास असतो, म्हणजे याच्या अडीचपटीहून अधिक. ज्या गोळ्यास हलविण्यास दहा हमाल पुरे पडणार नाहीत त्यास तोलण्याकरिता लागणारा दाब इतका माफक असावा, हेच या युक्तीचे पहिले रहस्य होय.

येथे एक बारकावा ध्यानी घ्यावा. वर सांगितलेला दाब सरासरीचा आहे. पाणी मध्यभागातून निघून काठाकडे जाताना फटीच्या अडथळ्याशी झगडत जाते, त्यामुळे त्याचा दाब वाटेत उतरत जातो व काठाशी पोहोचेपर्यंत संपतो. म्हणून मध्यभागी तो सरासरीपेक्षा बराच अधिक असावा लागतो. वाटीच्या तळाचे मुख दहा सेंटिमीटर रुंद असेल तर तेथे दाब सरासरीच्या तिपटीहून थोडा अधिक, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.४ किलो हवा, असे गणित सांगते. सातआठ मजली इमारतीच्या गच्चीवरील टाकीतून तळमजल्याच्या नळास जो जोर मिळतो, तेवढाच हा आहे.

खसखशीहूनही पातळ

आता दुसरे रहस्य. गोळा वाटीपासून किती उचलला जातो? पाहणाऱ्याचा तर्क बोटभर तरी जातो. प्रत्यक्षात ही फट मिलिमीटरच्या एका अंशाइतकीच असते. एक मीटरच्या गोळ्यासाठी ती ०.३ मिलिमीटरच्या आसपास धरण्यास हरकत नाही. धान्याच्या भाषेत सांगावयाचे तर तांदूळ सोडा, मोहरी सोडा, खसखशीचा दाणाही त्या फटीत शिरणार नाही. एवढ्या पाण्याच्या पडद्यावर चौदा क्विंटल वजन बसलेले असते.

फट इतकी अरुंद असण्यातच सारे सामर्थ्य आहे. ती बोटभर रुंद असती तर पाणी काहीही न उचलता वाहून गेले असते. फटीचा पाण्यास होणारा अडथळा फटीच्या रुंदीवर फार तीव्रतेने अवलंबून असतो. रुंदी दुप्पट केली तर तेवढ्याच दाबाने आठपट पाणी निसटते. हाच नियम उलट वाचला असता असे निघते की, पंपाने आठपट पाणी सोडले तरी गोळा केवळ दुपटीनेच वर उचलला जाईल. म्हणून मोठा पंप बसवून गोळा अधिक उंच उचलू पाहणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय, आणि तेही शब्दशः.

याच नियमाने गोळा आपला तोल आपणच सांभाळतो. तो किंचित खाली बसला की फट अरुंद होते, पाण्यास बाहेर पडणे जड जाते, आत दाब वाढतो आणि गोळा वर उचलला जातो. तो किंचित वर गेला की फट मोकळी होते, पाणी सुटते, दाब पडतो आणि गोळा खाली येतो. बाजारात आवक वाढली की भाव उतरतो, भाव उतरला की आवक आखडते आणि भाव पुन्हा सावरतो, तसेच हे आहे. त्यास बाहेरून कोणी सावरावे लागत नाही.

या कारंज्याचा पद्धतशीर अभ्यास नेदरलंड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचे याको स्नुयर आणि ग्रीसमधील पात्रास विद्यापीठाचे को फान डर वेले या दोन शास्त्रज्ञांनी केला असून त्यांचा निबंध २०१४ साली अमेरिकेतील भौतिकशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी एक मीटर व्यासाच्याच गोळ्यावर मोजमापे घेऊन गणिताशी ताडून पाहिली. त्यांचा निष्कर्ष असा की, हे कारंजे म्हणजे एक विशाल बेअरिंग आहे; यंत्राच्या आसास तेल जे करते तेच येथे पाणी करते.

बोटाच्या धक्क्याने का फिरतो?

भार उचलला गेला हे समजले, तरी एवढे धूड बालकाच्या हाताने फिरते कसे? कारण दगड दगडास कोठेही टेकलेला नसतो. जात्याची वरची तळी खालच्या तळीवर घासते म्हणूनच खुंटा धरून दळताना दंड भरून येतात. येथे दोन दगडांमध्ये अखंड पाणी आहे, आणि पाण्याचे थर एकमेकांवरून घसरताना जो विरोध करतात तो अत्यल्प असतो. गोळा जड असल्यामुळे त्यास वेग घेण्यास थोडा वेळ लागतो, एवढेच. पण एकदा फिरू लागला की जडपणाच त्यास फिरता ठेवतो. वर घेतलेल्या मापांवरून हिशेब केला असता, जमिनीस समांतर अशा आसाभोवती फिरणाऱ्या गोळ्याचा वेग निम्म्याच्याही खाली येण्यास सुमारे पाव तास लागतो. मूल खेळून घरी जाते आणि गोळा फिरतच राहतो.

दुसरी गोष्ट अशी की, गोळ्यास आस नाही. चाक एकाच आसाभोवती फिरते. गोळा मात्र उजवीडावीकडे, पुढेमागे, तिरका, कसाही फिरविता येतो, कारण तो कसाही वळला तरी वाटीपुढे त्याचा आकार तोच राहतो. कोणी हात लावला नाही तरी तो आपोआप मंद गतीने फिरताना दिसतो. पाण्याचा प्रवाह सर्व बाजूंनी अगदी सारखा नसतो. एका अंगास किंचित अधिक असला की तेवढ्या ओढीने गोळा वळतो. कारागीर पाण्याची मुखे किंचित तिरकी ठेवून ही गती मुद्दामही साधतात.

मात्र यास एक अट आहे. गोळा केवळ बाहेरून गोल असून भागत नाही, आतूनही सर्वत्र सारखा भरीव असावा लागतो. एका अंगास जड शीर असली तर ते अंग नेहमी खाली येऊ पाहील व गोळा फिरण्याऐवजी डोलत राहील. तराजूत पासंग असला की काटा एका बाजूस झुकतो, तसाच हा प्रकार आहे.

युक्तीचा इतिहास

कोंडलेला द्रव भार उचलतो, हे यंत्रशास्त्रास एका लाकडी गुडदीने शिकविले. इंग्लंडमध्ये बोशां टॉवर नावाचा अभियंता रेल्वेच्या आसांना तेल कसे द्यावे याचे प्रयोग करीत होता. त्याचा वृत्तांत १८८३ साली तेथील यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढे आला. तेल घालण्याकरिता त्याने बेअरिंगच्या माथ्यावर छिद्र पाडले, तो फिरत्या आसाबरोबर तेलच त्या छिद्रातून वर उसळू लागले. ते बंद करावे म्हणून त्याने बूच मारले, मग लाकडाची गुडदी ठोकली. परंतु तेलाने तीही बाहेर ढकलून दिली. अखेर त्याने तेथे दाबमापक लावला, तेव्हा त्याचा काटा दर चौरस इंचास २०० पौंडांच्या पलीकडे गेला. म्हणजे आस धातूवर टेकलेला नसून तेलाच्या पडद्यावर तरंगत होता. या घटनेचे गणित ऑस्बर्न रेनल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८६ साली मांडले. आज जगातील सर्व यंत्रांच्या वंगणविद्येचा पाया तेच गणित आहे.

फरक एवढाच की, रेल्वेच्या आसाखाली तेलास दाब देण्याचे काम आसाची गतीच करते. आस थांबला की पडदाही मोडतो. पाषाणगोलाखाली दाब पंप देतो, म्हणून गोळा स्थिर असला तरीही अधांतरी राहतो. याच दुसऱ्या पद्धतीने अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पालोमार पर्वतावरील २०० इंची दुर्बीण फिरते. ३ जून १९४८ रोजी तिचे उद्घाटन झाले. तिचा सुमारे ५३० टनांचा फिरता भार दाबाखालील तेलाच्या पडद्यावर तोललेला असून आकाशातील ताऱ्याच्या मागोमाग ती अगदी लहान मोटरीने वळविता येते. तेव्हा आपले कारंजे हे नुसते खेळणे आहे असे कोणी समजू नये.

गोळा घडविण्याची कला

ग्रॅनाइटचा चिरेबंदपणा आपणांस नव्याने सांगावयास नको. श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवर दहाव्या शतकाच्या अखेरीस चावुंडरायाने उभी करविलेली भगवान बाहुबलींची सुमारे ५७ फुटी मूर्ती याच जातीच्या पाषाणातून कोरलेली आहे. तिच्या चरणांशी मराठीतील अत्यंत प्राचीन शिलालेखांपैकी एक कोरलेला आहे, हे मराठी भाषिक जैनांना भूषणावह आहे. सहस्र वर्षांचे ऊन, वारा, पाऊस सोसून त्या पाषाणाची झिलई टिकली आहे. तो निश्चल उभा आहे आणि हा फिरतो. परंतु दोन्ही ठिकाणी गुण एकच, तो म्हणजे कणांची घट्ट वीण.

गोळा करताना प्रथम निर्दोष शिळा निवडून तिचा घन कापतात, कोपरे उडवितात आणि मग कड्याच्या आकाराच्या घर्षणयंत्राने तो सर्व दिशांनी फिरवीत घासतात. गोळ्याचा कोणताही छेद घेतला तरी तो वर्तुळच येतो. म्हणून कडे व दगड दोन्ही सतत दिशा बदलीत घासले गेले की अखेर गोळाच शिल्लक राहतो. पुढे अधिकाधिक बारीक दाण्याची पूड वापरीत झिलई आणतात. वाटीही त्याच वक्रतेने घासतात. फटच जर ०.३ मिलिमीटरची, तर गोलाईतील चूक मिलिमीटरच्या काही शतांशांपलीकडे जाऊन चालत नाही, हे उघड आहे.

या कामात जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील कुसर नावाचा पाषाणकारखाना विख्यात आहे. मराठीत कुसर म्हणजे कौशल्य. नाव आणि काम यांचा असा मेळ क्वचितच पडतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात रिचमंड येथे जुन्या रेल्वे स्थानकाच्या भव्य इमारतीत विज्ञान संग्रहालय आहे. त्याच्यासमोर या कारखान्याने दक्षिण आफ्रिकेतील काळ्या ग्रॅनाइटचा पृथ्वीगोल बसविला. त्याचा व्यास सुमारे २.६५ मीटर आणि वजन सुमारे २९ टन असून अशा गोळ्यांत तो सर्वांत मोठा म्हणून नोंदला गेला. परंतु २००३ च्या आरंभी बसविलेला पहिला गोळा तडकला आणि २००५ साली त्याच्या जागी दुसरा बसवावा लागला. उत्तमोत्तम कारागिराच्या हातूनही मोठ्या दगडातील लपलेली शीर निसटू शकते, हा बोध आपण घेण्यासारखा आहे.

आपल्या अंगणाचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एक मीटरचा गोळा व ०.३ मिलिमीटरची फट धरली असता वाटीच्या काठाशी पाणी बाहेर पडण्याची एकूण वाट किती, ते पाहा. काठाचा घेर १५७ सेंटिमीटर, रुंदी ०.०३ सेंटिमीटर, म्हणजे जागा झाली पावणेपाच चौरस सेंटिमीटर. घरच्या एक इंची नळाचे तोंड जवळजवळ एवढेच असते. या वाटेने दर सेकंदास सुमारे दोन लिटर पाणी वाहते, म्हणजे तासास ७,२०० लिटर. दिवसाचे आठ तास कारंजे चालविले आणि पाणी गटारात सोडले तर ५७,६०० लिटर, अर्थात दहा हजार लिटरचे पावणेसहा टँकर रोज वाया जातील. ज्या प्रदेशात वैशाखात बायकापोरांना घागरीसाठी रांग लावावी लागते, तेथे असे कारंजे व्यापाऱ्यांच्या संघाने बसविणे म्हणजे आपल्या हाताने लोकापवाद विकत घेणे होय. तेव्हा तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरविण्याची व्यवस्था नसेल तर हा विचार येथेच सोडून द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. व्यवस्था असेल तर मात्र बाष्प होऊन उडेल व शिंतोडे जातील तेवढेच पाणी घालावे लागते.

विजेचा खर्च पाहता, दोन लिटर पाणी २४ मीटर चढविण्याइतके काम दर सेकंदास करावयाचे आहे. पंपातील व गाळणीतील घट धरून सुमारे एक किलोवॅट, म्हणजे आठ तासांस आठ युनिट व महिन्यास २४० युनिट होतात. येथे आम्ही एक काटकसर सुचवितो. गोळ्याचा व्यास निम्मा, म्हणजे अर्धा मीटर केला तर त्याचे वजन आठव्या हिश्श्यावर, १८० किलोंवर येते. वाटीही त्याच प्रमाणात लहान धरली तर दाब निम्मा, पाणी निम्मे आणि वीज सुमारे पावपट लागते. अर्ध्या मीटरचा गोळा आसनासह मुलांच्या हातास सोयीच्या उंचीवर येतो आणि त्यातील विज्ञान तर तेच राहते. मोठेपणा मिरविण्याकरिता चौपट वीज जाळण्याचे प्रयोजन आम्हांस दिसत नाही.

देखभालीत मुख्य शत्रू म्हणजे कचरा व क्षार. वाळूचा एक खडा फटीत अडकला की झिलईवर ओरखडा पडतो. म्हणून पंपाच्या पुढे बारीक गाळणी हवीच. कूपनलिकेचे जड पाणी काठाशी पांढरे पुट धरते आणि ०.३ मिलिमीटरच्या वाटेस पातळ पुटही पुष्कळ झाले. म्हणून छपरावरील पावसाचे साठविलेले पाणी वापरणे उत्तम. उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. पाणी तापले की अधिक पातळ होते. २० अंशांचे पाणी ४० अंशांवर गेले तर तोच पंप असताना फट सुमारे आठव्या हिश्श्याने अरुंद होते. हे ध्यानी धरून पंपात थोडी सवड ठेवावी आणि टाकी सावलीत असावी.

जीवदयेचा विचार

अप्कायिक जीवांचा विचार करणाऱ्या समाजात पाणी केवळ शोभेसाठी खेळविणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न काही वडीलधाऱ्या मंडळींनी उपस्थित केला आहे व तो टाळण्यासारखा नाही. पाणी गाळून घ्यावे, गाळण्यात राहिलेली जीवाणी मूळ जलाशयात परत सोडावी आणि प्रयोजनाविना थेंबही सांडू नये, ही शिकवण आपल्या घराघरांत आहे. त्या दृष्टीने पाहता, जे कारंजे उंच उडून वाऱ्याने अर्धे पाणी रस्त्यावर टाकते त्यापेक्षा हे मर्यादशील आहे. तथापि तेवढ्याने आपली जबाबदारी संपत नाही. आमच्या सूचना अशा की, पाणी गाळूनच भरावे. टाकीवर घट्ट झाकण असावे, म्हणजे डासांच्या अळ्या होणार नाहीत व पुढे त्यांचा संहार करण्याचा प्रसंग येणार नाही. टाकीस ऊन लागू न दिल्यास शेवाळ धरत नाही आणि विषारी औषधे ओतावी लागत नाहीत. टाकी धुताना निघालेले पाणी झाडांच्या आळ्यांत सोडावे. सूर्यास्तानंतर कारंजे बंद ठेवावे आणि त्यावर दिव्यांची रोषणाई करू नये, कारण रात्रीचा प्रकाश व पाणी एकत्र आले की पाखरे व किडे त्यात पडून मरतात. पाणीटंचाईच्या महिन्यांत तर ते पूर्ण बंदच असावे. बंद असताना गोळा वाटीत नुसता टेकून राहतो. हळूहळू पाणी कमी करून तो बसविला तर त्यास इजा होत नाही.

एवढ्या अटी पाळून जर कारंजे बसविले गेले, तर त्याचा उपयोग केवळ दारातील शोभेपुरता राहणार नाही. आपल्या मुलांपैकी कित्येकजण आज पेढीवर न बसता अभियांत्रिकीच्या शिक्षणास जातात. पास्कल आणि रेनल्ड्स यांचे नियम त्यांना पुस्तकात भेटतातच. ते हाताने चाचपून पाहण्याची सोय संघाच्या अंगणात झाली, तर दात्यांचे द्रव्य सार्थकी लागले असे आम्ही समजू. कारंज्याशेजारी एक फलक लावून गोळ्याचे वजन, फटीची रुंदी, रोज लागणारे पाणी आणि महिन्याची वीज हे चारही आकडे मराठीत स्वच्छ लिहावेत. शोभेच्या वस्तूचा जमाखर्च जनतेपुढे उघडा ठेवणे व्यापारी संस्थेस साजेसेच आहे.

येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय निघेल तेव्हा सभासदांनी गोळ्याच्या आकाराआधी टाकीचा, गाळणीचा व झाकणाचा प्रश्न विचारावा, अशी आमची विनंती आहे. त्यांची उत्तरे समाधानकारक मिळाली तर अर्ध्या मीटरच्या गोळ्यास आमची संमती आहे. न मिळाली तर तोच निधी पाणपोईस द्यावा.